आकाश आमचे छत, रा. चितेगाव

माझा जन्म परराज्यात झाला, यात माझी काहीच चूक नव्हती. चूक मेंढरांची होती.

आम्ही मेंढपाळ. आमचं घर चितेगावजवळच्या वस्तीवर. पुढं छपरी, आत दोन खोल्या आणि मागं मेंढरांची जागा, एवढाच पसारा. पावसाळाभर आम्ही तिथं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि खांड, म्हणजे आमचा मेंढरांचा कळप, घेऊन उत्तरेला निघायचं. हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड, अजिंठ्याचा घाट उतरून खानदेश, आणि पुढं चारा नेईल तिकडं. मृग जवळ आला की परत फिरायचं. माझ्या वेळी आईला कळा सुरू झाल्या तेव्हा आमचा मुक्काम रावेरच्या पुढं होता. अलीकडं चारा नव्हता, पलीकडं होता. मेंढरं हद्दीचा दगड ओलांडून गेली. त्यांच्या मागं आबा (म्हणजे माझे वडील), आबांच्या मागं घोडं आणि घोड्यामागं आई. संध्याकाळच्या आत मी मध्य प्रदेशातल्या एका लिंबाखाली जन्माला आले. त्या दिवशी मेंढरांनी जरा दम धरला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

तसं वाटेवर जन्मणं आमच्यात नवलाचं नाही. आमच्यातली निम्मी पोरं कुठल्या ना कुठल्या वाटेवरच झालेली. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मगाव विचारलं की सगळे आईबाप बिनघोर "चितेगाव" सांगून मोकळे होतात. आबांनी तसं केलं नाही. आबांचा सगळा धंदाच हद्दीवर चालतो. कुणाचं वावर कुठं संपतं, गायरान कुठवर, जंगलखात्याचा चर कुठून लागतो, हे पक्कं ठाऊक नसेल तर मेंढरं कोंडवाड्यात आणि मालक चावडीवर. त्यामुळं जागेच्या बाबतीत खोटं बोलणं आबांना जमतच नाही. बाकी बाबतीत जमतं. मेंढरू विकताना ते त्याचं वय असं सांगतात की खुद्द मेंढरू चकित व्हावं. पण गुरुजींनी माझं जन्मगाव विचारल्यावर आबांनी तालुका, गाव, लिंबाचं झाड आणि ते दगडाच्या कोणत्या अंगाला आहे, इतकं सगळं सांगितलं. गुरुजींनी लिंब सोडून बाकी सगळं लिहून घेतलं.

शाळा मी वस्तीवर आत्याजवळ राहून केली. आबांची ही थोरली बहीण, नवऱ्यामागं माहेरीच राहिलेली. खांड फिरायला गेली की घराची राखण तिच्याकडं. पुढं अकरावी-बारावीला मी शहरात मुलींच्या वसतिगृहात राहिले आणि तिथं मला दोन गोष्टी लागल्या. एक चष्मा आणि दुसरं साहित्य. निबंधस्पर्धेत माझा पहिला नंबर आला. मराठीच्या बाईंनी पाठ थोपटून सांगितलं, की पार्वती, तुझ्या लेखणीत वेदना आहे. तेव्हापासून मी साधं काही लिहीतच नसे. दुधवाल्याला चिठ्ठी लिहायची झाली तरी तीत थोडी वेदना घालायची.

आबांना मात्र मी जनावरांची डॉक्टर व्हावं असं वाटायचं. मी लहान असताना एका सालात खांडीत रोग शिरला. रोज सकाळी दोन-चार मेंढरं पाय ताणून पडलेली असायची. डॉक्टर आणायला आबा तालुक्याला पायी गेले, तर साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशी गेले, तर साहेब मीटिंगला. तिसऱ्या दिवशी गेलेच नाहीत. त्या साली बोलून दाखवलं नाही, पण पुढं प्रत्येक यत्तेत पास झाल्यावर मला एकच वाक्य ऐकवायचे : "पारे, आपल्यात एक डॉक्टर पायजे. दौऱ्यावर न जाणारा."

तर बारावीचा निकाल लागला, मार्क चांगले पडले आणि पशुवैद्यकीय कॉलेजच्या यादीत माझं नाव आलं. सरकारी कॉलेज, फी अगदी बेताची, शिवाय सवलत. अट एकच. राज्याचे रहिवासी असल्याचा दाखला पुढच्या सोमवारच्या आत हजर करायचा. दाखला नसेल तर उमेदवार परराज्यातला धरणार. परराज्यातल्यांना जागा मोजक्याच, आणि त्यांतली मिळालीच तर फी अशी की ऐकून मला वसतिगृहाच्या पायरीवर बसावं लागलं. आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावर तर गुरुजींच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, जन्मस्थळ मध्य प्रदेश.

मी तहसील कचेरीत गेले. दाखल्यांच्या टेबलावरचे कारकून जाड भिंगाचा चष्मा लावणारे, पान खाणारे, मुळात भले गृहस्थ होते. त्यांनी मला नीट समजावलं. जन्म बाहेरचा असला म्हणून काही बिघडत नाही. मुलगी अठराच्या आतली आहे, म्हणजे बाप जिथला ती तिथली. बापाचं कायमचं वास्तव्य इथं आहे एवढं सिद्ध झालं की संपलं. मग त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "वडील काय करतात, कुठं राहतात, ते चार ओळींत लिहून दे."

निबंधस्पर्धेत पहिली आलेल्या मुलीपुढं कोरा कागद कधी सरकवू नये. चार ओळी मला पुरतात होय? मी पाठपोट लिहिलं. मधे एकदा माझे स्वतःचेच डोळे भरून आले. लिहून झाल्यावर कागद त्यांच्या हाती दिला आणि दाद मिळेल म्हणून उभी राहिले.

त्यांनी पान गालात सरकवलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं : "माझे वडील वर्षातील आठ महिने भ्रमण करतात. आम्हा मेंढपाळांना घर कसले? आकाश आमचे छत, धरणी आमचे अंथरूण. ना आम्हास गाव, ना शीव. वारा नेईल तीच आमची वाट."

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी "वा" म्हटलं. कारकुनांनी मात्र कागद खाली ठेवला आणि माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं.

"लिहिलंय छान," ते म्हणाले. "पण बाई, घर नाही, गाव नाही, असं तूच सहीनिशी लिहून दिलंस. आता मी दाखला कुठला देऊ? आकाशातला?"

मी म्हटलं, अहो, ते साहित्य आहे. आम्हाला घर आहे, त्याला पत्रे आहेत, दाराला कडी आहे. ते म्हणाले, असेल, पण हे आता आवक झालं. आवक झालं म्हणजे त्यावर शिक्का बसला, आणि शिक्का बसलेला कागद फाडायची सोय सरकारात नाही. शेवटी त्यांनी त्यातल्या त्यात मार्ग काढला. ते तलाठ्याला वस्तीवर जागेवर चौकशीला पाठवणार. हा माणूस इथं राहतो, असं वस्तीवरच्या कुणी सांगितलं, की माझं साहित्य बाजूला ठेवता येईल. वस्तीवर तेव्हा होतीच कोण? आमची आत्या. मी निश्चिंत झाले.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मेंढपाळाच्या दारात पायजमा-शर्टातला, काखेत फाईल घेतलेला माणूस कधीच चांगल्या कामाला येत नाही. तो एकतर चराईचा दंड मागायला येतो, नाहीतर कुणाच्या पिकात मेंढरं गेल्याची तक्रार घेऊन. म्हणून आमच्या बायकांना लग्नाआधीपासून शिकवलेलं असतं, की असा माणूस आला आणि घरधन्याचं नाव विचारलं, तर आपण त्या नावाचं कुणी ऐकलेलंच नाही. आत्या या विद्येत आख्ख्या वस्तीची गुरू होती. तलाठ्यानं आबांचं नाव घेऊन विचारलं, हे इथं राहतात का? आत्या म्हणाली, नाय. कधी राहत होते का? नाय. तुमचे कोण? कुणी नाय. मग हे घर कुणाचं? आत्या म्हणाली, मला काय ठावं, मी पानी प्यायला आले.

हे सगळं मला तिनंच नंतर रंगवून सांगितलं. मी धावत वस्तीवर गेले तेव्हा ती दारात बसून मिसरी लावत होती आणि लढाई जिंकल्यासारखी खुशीत होती. "लई फिरवून फिरवून इचारलं त्यानं," ती म्हणाली, "पण म्या काय फुटले नाय." मी डोकं धरून खाली बसले. तिला वाटलं, मला आनंद सोसवेना. तिनं आत जाऊन माझ्यासाठी गुळाचा खडा आणला.

तलाठ्याचा अहवाल कचेरीत पोचला. सदर इसम सदर ठिकाणी राहत नसून पूर्वीही राहत नव्हता. माझ्या निबंधाला जणू सरकारी पुष्टी मिळाली. कारकून म्हणाले, आता एकच इलाज. वडिलांना समक्ष हजर कर. आणि तो वार होता शुक्रवार.

आबा वाटेत होते. त्या साली मृग कोरडा चालला होता, म्हणून खांड सावकाश येत होती. सिल्लोडकडून येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं सांगितलं, की मेंढरं हर्सूलच्या तलावावर पाण्याला उतरलीत. मी बस धरली. हर्सूलच्या जेलची भिंत मागं टाकून पुढं गेले तर तलावाच्या काठाला आमची खांड. आई आणि काका घोडी घेऊन पुढं वस्तीकडं निघून गेलेले, आणि आबा एकटेच दगडावर बसून चिलीम भरत होते. आठ महिन्यांनी लेक दिसली म्हणून त्यांचा चेहरा फुलला. मी सगळं सांगितलं आणि तो चेहरा माझ्या डोळ्यांदेखत उतरला. निबंधाचं मी आधी गाळलं होतं, पण त्याशिवाय गोष्ट जुळेना, म्हणून तेही सांगितलं.

आबांनी चिलीम तशीच ठेवली आणि ते खांडीकडं बघत राहिले. तिकडंच बघत म्हणाले, "दाखला नाय भेटला तर फी किती?"

मी आकडा सांगितला. त्यांनी पुन्हा मेंढरांकडं पाहिलं. या वेळी ते एकेकीवर नजर ठेवून पुढं सरकत होते, आणि मला कळलं की ते मनात निवड करतायत. कोणती ठेवायची, कोणती बाजारात न्यायची. मग म्हणाले, "निम्मी जातील. जाऊ दे. पुन्हा होतील." आणि चिलीम पेटवायला लागले, पण काडी दोनदा विझली.

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आकाशाचं छत मी वसतिगृहाच्या पंख्याखाली बसून लिहिलं होतं, आणि त्याचे पैसे ही मेंढरं भरणार होती. मी आबांना म्हटलं, काही विकायचं नाही, तुम्ही आत्ताच्या आत्ता कचेरीत चला. ते म्हणाले, आणि खांड? हाही प्रश्नच होता. खांड अशी सोडून जाता येत नाही. शेवटी ठरलं, की घरी जायची वाट शहरावरूनच आहे, तेव्हा सकाळी सगळ्यांनीच निघायचं. जाता जाता कचेरी.

शनिवारी सकाळी हर्सूलपासून शहराच्या दिल्ली दरवाजापर्यंत मी आबांची तयारी करून घेतली. पुढं मेंढरं, मागं आबा, आबांच्या बाजूला मी, चष्मा आणि वही घेऊन. विचारलं कुठं राहता, तर म्हणायचं, चितेगाव. किती वर्षं? जन्मापासून. बास. पुढं एक शब्द नाही. आबा मान डोलवत होते. दिल्ली दरवाजाच्या कमानीत मेंढरं शिरली तेव्हा दोन्हीकडच्या रिक्षा थांबल्या. एक रिक्षावाला मला म्हणाला, "क्या बहना, बारात किसकी है?" मी वहीनं तोंड झाकलं.

कचेरीच्या आवाराला फाटक होतं. मेंढरं भिंतीच्या सावलीला बसवून आबांनी फाटक ओढून घेतलं. ते नीट लागलं की नाही हे बघायचं काम माझ्याकडं होतं, आणि मी तेव्हा मनात प्रश्नोत्तरं घोकत होते.

कारकुनांनी आबांना खुर्ची दिली. आबा खाली बसले. पहिला प्रश्न आला, राहता कुठं. आबांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, आबा म्हणाले, "चितेगाव." माझ्या जिवात जीव आला.

"किती महिने?"

हा प्रश्न आमच्या तयारीत नव्हता. आबांचं ते हद्दीचं इमान जागं झालं. "पावसाळ्याचे धरा," ते म्हणाले. "बाकी वाटंवर."

"म्हणजे कायमचे राहत नाही?"

"कायमचं कोन ऱ्हातंय साहेब," आबा म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पुन्हा "वा" म्हटलं, आणि माझ्या लेखणीतली वेदना कुठून आली ते मला त्या घटकेला कळलं.

कारकुनांनी घाम पुसला. माणूस खरंच भला होता, त्याला दाखला द्यायचाच होता. त्यांनी दुसरीकडून सुरुवात केली. बरं, तुमचा स्वतःचा जन्म कुठला? आबा म्हणाले, निजामाच्या राज्यातला. कारकून म्हणाले, ते राज्य आता नाही. आबा म्हणाले, व्हय, पोलीस ॲक्शन झाली तवा मी कोकरं राखत होतो, आम्हाला रानात चार दिवसांनी कळलं. मग हैदराबादवाल्यांचं राज्य आलं, त्यात मिसरूड फुटलं. मग मुंबईचं आलं, त्यात लगीन झालं. मग हे आलं. "म्या हाये तिथंच हाये, साहेब," आबा शांतपणे म्हणाले. "राज्यंच फिरली."

कारकुनांचा टाक हवेतच राहिला. आणि नेमक्या त्याच वेळी बाहेर आरडाओरडा झाला.

फाटक लागलं नव्हतं. आवारात तहसीलदार साहेबांनी हौसेनं रोपांच्या रांगा लावून घेतल्या होत्या. गुलमोहर, बदाम, मधे गुलाबाचा वाफा, आणि भोवती पांढरा चुना मारलेल्या विटा. आठ महिने वाटेवरची धूळ खाल्लेल्या मेंढरांना असं पंगतीला वाढलेलं ताट जन्मात मिळालं नव्हतं. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा गुलाब संपला होता आणि बदाम चालू होता. कचेरीचे शिपाईचाचा काठी घेऊन एका टोकाकडून हाकत होते आणि मेंढरं शिस्तीत दुसऱ्या टोकाला जाऊन जेवत होती. एक म्हातारी मेंढी पायऱ्या चढून व्हरांड्यात आली आणि सूचनाफलकावरचा खालचा कागद खाऊ लागली.

तहसीलदार साहेब स्वतः बाहेर आले. उंच, करड्या मिशांचे, आवाज असा की माझा चष्मा घसरला.

"कुणाची आहेत ही?"

"माझी," आबा म्हणाले आणि हात जोडून पुढं झाले.

"घेऊन जा आधी ती सगळी. आत्ताच्या आत्ता आपल्या घरी घेऊन जा!"

आबांचे हात जोडलेलेच होते. ते अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, तेवढंच लिहून द्या की. आमाला घर हाये म्हणून. त्याच्यासाठीच आलोय."

साहेबांनी कारकुनांकडं पाहिलं. कारकुनांनी माझा निबंध, आत्याचा अहवाल आणि शाळेचा दाखला असं सगळं पुढं केलं. साहेबांनी उभ्या उभ्या वाचलं. "वारा नेईल तीच आमची वाट" इथं आल्यावर त्यांच्या मिशा हलल्या. हे कुणी लिहिलं, त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं, आबांनीसुद्धा.

आता यातून काय निघणार, या भीतीनं मी आबांच्या मागं सरकले. तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला बसलेले एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ उठले. ते आमच्याच शिवारातले शिवनाथ पाटील, सातबाऱ्याच्या कामाला आलेले आणि सकाळपासून ताटकळलेले. मेंढरांच्या गोंधळात आबा त्यांना इतका वेळ दिसलेच नव्हते. आबा दिसले तसे ते साहेबांना ओलांडून थेट आबांवर आले.

"काय रं बाबा, हाईस कुठं? मृग निघाला निम्मा. वावर तुझ्यापायी मोकळं ठिवलंय, पेरणी खोळंबली. मेंढरं कवा बसवतो?"

मेंढरं बसवणं म्हणजे रात्री खांड वावरात मुक्कामाला ठेवणं. लेंड्या-मुताचं असं खत पडतं की पुढं पीक डुलतं, आणि शेतकरी बदल्यात ज्वारी देतो. पाटलांच्या वावरात पेरणीआधी आमची खांड बसणार, हे पाटलांच्या बापानं आणि माझ्या आज्यानं ठरवलेलं. त्यात कधी खंड पडला नव्हता. आबा म्हणाले, येतच होतो, पोरीच्या कामात अडकलो.

साहेबांनी पाटलांना थांबवलं आणि विचारलं, हे दरवर्षी येतात? पाटील चिडलेच. म्हणाले, येतात म्हणजे? पाहुणे हायेत का यायला? घर हाय त्याचं आमच्या शिवेला, जाणार कुठं? आला न्हाई तर मी पेरू कसा?

साहेबांनी क्षणभर मिशीवरून हात फिरवला. मग कारकुनांना म्हणाले, पाटलांचा जबाब घ्या, पंच म्हणून आणखी दोघांच्या सह्या घ्या आणि दाखला तयार करा. ज्याच्यासाठी गाव पेरणी थांबवतं तो गावचा नाही तर मग मीही इथला नाही. "आणि ह्या मुलीच्या हाती," त्यांनी माझ्याकडं पाहिलं, "पुन्हा कागद देऊ नका."

दुपारपर्यंत दाखला हातात पडला. आबांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि तो घडी करून मुंडाशात खोचला. निघताना ते पुन्हा साहेबांपुढं गेले. मला वाटलं आभार मानतील. आबा म्हणाले, "साहेब, झाडांचं नुकसान झालं. म्हणत असाल तर आजची रात खांड हितंच बसवतो. पुढच्या साली बाग बघा कशी येतीय." साहेबांनी दोन्ही हात जोडले. पाटलांना मात्र राग आला, कारण रात्र त्यांची ठरलेली होती.

मी डॉक्टर झाले. निम्मी खांड वाचली, आणि पुढं वाढली. पण आबांची एक अट मी पाळू शकले नाही. मला दौऱ्यावर न जाणारी डॉक्टर व्हायचं होतं, आणि नोकरी लागली ती मेंढ्यांवर संशोधन करणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्यात. आमचे यजमानही त्याच खात्यातले. मग काय, राजस्थान, आंध्र, कर्नाटक, पुन्हा राजस्थान. सामानाचे खोके आम्ही कधी फोडलेच नाहीत, नुसते झाकण उघडून लागेल ते काढायचो. आमची लेक ईशा बिकानेरात जन्मली, शाळा तीन भाषांत शिकली आणि दहावी परराज्यात पास झाली. आणि बारावीनंतर म्हणाली, मला आजोबांजवळ राहून तिथल्याच कॉलेजात शिकायचंय.

कॉलेजनं रहिवासी दाखला मागितला. मी तर तो विषयच विसरले होते.

आता कचेरीऐवजी सेतू केंद्र आहे, टाकाऐवजी कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवरच्या मुलीनं माझे सगळे कागद चाळले आणि कपाळाला आठ्या घातल्या. मॅडम, यातला एकही पत्ता दुसऱ्याशी जुळत नाही, तुम्ही नक्की राहता कुठं? तेवढ्यात शेजारी बसलेल्या आबांनी पिशवीतून आपला पुरावा काढला. रेशनकार्ड, लाइटबिलं, घरपट्टीच्या पावत्या, सगळं एका सुतळीत बांधलेलं. गुडघे गेल्यापासून ते वाटेवर जात नव्हते, खांड माझा चुलतभाऊ बघायचा.

"मी चितेगावचा," आबा ताठ बसून म्हणाले. "ह्या पोरीचं माझ्यावर धरा. पर ही," माझ्याकडं अंगठा करून, "हिचं काय खरं न्हाई. आज हितं, उद्या तिथं. बिऱ्हाड सदा पाठीवर."

मुलगी हसली. म्हणाली, ठीक आहे, आजोबांच्या कागदांवर बघते, फक्त आईला इतकी वर्षं बाहेर का राहावं लागलं, त्याचा तिनं चार ओळींत खुलासा लिहून द्यावा. आणि तिनं माझ्यापुढं एक कोरा कागद सरकवला.

"आई, पेन इकडं दे," ईशा म्हणाली. तिला आबांनी सगळं सांगितलेलं होतं.

मी निमूटपणे पेन दिलं. पण तोवर पहिली ओळ लिहून झाली होती : "आम्हा सरकारी नोकरांना घर कसले?"